उतारानं घडवलेली सायकल

१९३३ साली शिकागोच्या इग्नाझ श्विन यांच्या कारखान्यातून एक धष्टपुष्ट सायकल बाहेर पडली. अमेरिकेत मंदी होती. मोठ्या माणसांनी मोटारीची सवय लावून घेतली होती आणि सायकलीला गिऱ्हाईक उरलं होतं ते शाळकरी पोरांचं. पोरांना वेड मोटारसायकलीचं. म्हणून श्विन कंपनीनं तसाच दणकट सांगाडा केला आणि त्याला दोन इंचांहून रुंद, कमी हवेवर चालणारे फुगीर टायर चढवले. चाक सव्वीस इंची, गिअर एकच, आणि पायडल उलटं दाबलं की लागणारा मागचा ब्रेक. पेपर टाकणारी पोरं ही सायकल फुटपाथवरून खाली आपटायची, खड्ड्यांतून हाणायची, तरी तिला काही होत नसे.

पुढं चाळीसेक वर्षांनी याच सायकली सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, गोल्डन गेट पुलापलीकडच्या मरिन काउंटीत डोंगरावरून खाली सुटू लागल्या. तिथं माउंट टॅमलपायस नावाचा अडीच हजार फुटांचा डोंगर आहे. त्याच्या सोंडांवर आणि आसपासच्या टेकड्यांवर कच्च्या रस्त्यांचं जाळं पसरलेलं आहे. वणवा लागला तर अग्निशमन दलाच्या गाड्या वर नेता याव्यात म्हणून हे रस्ते कापलेले. पावसानं त्यांत खोल चर पडतात, उन्हाळ्यात वर धूळ आणि सुटे दगड राहतात. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना घसारा म्हणजे काय ते सांगायला नको. तसाच हा घसारा, फक्त ट्रकच्या रुंदीचा.

या उतारांवर पहिल्यांदा सायकली सोडल्या त्या लार्कस्पर गावच्या पोरांच्या टोळीनं, साठच्या दशकाच्या अखेरीस आणि सत्तरच्या सुरुवातीला. भंगारात पडलेल्या जुन्या श्विन आणायच्या, मडगार्ड-कॅरिअर काढून फेकायचं आणि डोंगरावरून सुटायचं. या टोळीतला मार्क व्हेंडेटी पुढं ‘व्हेलो क्लब टॅमलपायस’ या रस्त्यावरच्या शर्यती खेळणाऱ्या क्लबात आला आणि हा नाद त्यानं तिथं पोचवला. माझ्या मते सगळा इतिहास या भेटीवर उभा आहे. क्लबातली मुलं म्हणजे पोरासोरांची टोळी नव्हती. त्यांना हलकी चाकं, अचूक गिअर आणि हातानं घडवलेल्या फ्रेम ठाऊक होत्या. शर्यत म्हणजे काय आणि सेकंदाची किंमत काय, हेही त्यांना कळत होतं. उनाडकी आणि कारागिरी इथं एकत्र आली.

जो ब्रीझ हा त्यांतलाच एक. वडिलांचा शर्यतीच्या मोटारींचा कारखाना, आणि स्वतः सायकलची फ्रेम बनवायला शिकलेला. व्हेंडेटीच्या सांगण्यावरून १९७३ मध्ये त्यानं १९४१ सालची श्विन एक्सेल्सिअर पाच डॉलरला घेतली. दुसरा गॅरी फिशर. केस लांब आहेत एवढ्याच कारणावरून १९६८ मध्ये त्याला रस्त्यावरच्या शर्यतींतून दूर ठेवलं होतं. काही वर्षांनी नियम सैल झाल्यावर तो परतला. फिशरबरोबर एकाच घरात राहणारा चार्ली केली एका रॉक बँडचं सामान वाहण्याचं, मांडण्याचं काम करायचा. चौथी वेंडी क्रॅग. तिच्या गळ्यात कॅमेरा असायचा, म्हणून त्या दिवसांची चित्रं आज आपल्याला दिसतात. ती स्वतःही त्या उतारावर उतरायची.

आता मुख्य उतार. फेअरफॅक्स गावाच्या पश्चिमेला कॅस्केड कॅन्यनमध्ये उतरणारा हा फायर रोड सुमारे तीन किलोमीटर लांब आहे आणि तेवढ्यात १,३०० फूट खाली येतो. वळणं आंधळी, काही ठिकाणी रस्ता बाहेरच्या अंगाला कललेला, मध्ये पाण्यानं कापलेले चर. एका खडकाळ टप्प्याला ‘व्हेंडेटीज फेस’ म्हणतात, कारण मार्कच्या चेहऱ्याची कातडी तिथं सोलली गेली होती. खालपर्यंत मागचा ब्रेक धरून ठेवावा लागे. हा ब्रेक चाकाच्या हबच्या आत असतो. घर्षणानं हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली आलं की हब उघडायचा, पुसायचा, नवं ग्रीस भरायचं, आणि मगच पुढची फेरी. या कामाला इंग्रजीत रीपॅक म्हणतात. तेच त्या उताराचं नाव पडलं.

उतरताना कोण सगळ्यात जलद, यावर वाद होणारच. एकत्र सुटावं तर अरुंद वळणांवर एकमेकांवर आदळायचे. म्हणून केलीनं घड्याळाचा मार्ग काढला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी मूठभर जण सायकली घेऊन वर चढले आणि एकेक करून खाली सुटले. नौदलातलं एक कालमापक आणि एक साधं गजराचं घड्याळ, दोन्ही जुळवून घेतलेली. एक वर, एक खाली. वरच्यानं सुटण्याची वेळ लिहायची, खालच्यानं पोचण्याची, आणि मग वजाबाकी. त्या दिवशी जिंकला अ‍ॅलन बाँड्स. तो जिंकला कारण बाकी सगळे वाटेत पडले आणि तो पडला नाही.

पुढं या शर्यतीला शिस्त आली. दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं एकेक जण सुटे, नवखे आधी आणि सगळ्यात वेगवान शेवटी. केली वहीत सगळ्यांच्या वेळा टिपून ठेवी. १९७६ ते १९८४ या काळात, मध्ये काही वर्षं खंड पडून, अशा २४ शर्यती झाल्या. त्यांतल्या १० जो ब्रीझनं जिंकल्या. विक्रम मात्र फिशरचा: ४ मिनिटं २२ सेकंद, ब्रीझची सर्वोत्तम वेळ ४ मिनिटं २४. वेंडी क्रॅगची ५ मिनिटं २७ ही बायकांमधली विक्रमी वेळ. फिशरच्या वेळेचा हिशेब केला तर सरासरी वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास येतो. अंगावर जीन्स, पायात जाड बूट, हातात कामगारांचे कातडी मोजे, आणि डोक्यावर बहुतेकदा काहीच नाही. त्यांच्या धाडसाचं मला कौतुक आहे, पण हेल्मेट नसण्याचं नाही. त्या उतारावर हाडं मोडली, आणि त्याहून वाईट काही घडलं नाही हे नशीब.

रीपॅकच्या गोष्टीत सगळे उताराबद्दल बोलतात. मला चढाची गोष्ट तितकीच मोलाची वाटते. ती श्विन पन्नास पौंडांच्या आसपास, म्हणजे वीस किलोंहून जास्त भरायची. एका गिअरवर ती चढवणं अशक्य. एखाद्याच्या ट्रकमध्ये सायकली टाकून जमेल तितकं वर जायचं आणि उरलेला चढ ढकलत काढायचा. यावरचा उपाय रीपॅकच्या शर्यतींआधीच दिसला होता. १ डिसेंबर १९७४ रोजी मरिनमधल्याच मिल व्हॅलीत चिखलमाळावरची एक सायक्लोक्रॉस शर्यत झाली. तिथं दक्षिणेकडच्या कुपर्टिनोहून तिघं जण आले. स्वतःला ‘मॉरो डर्ट क्लब’ म्हणवणारे; मॉरो हे पायडल-ब्रेकच्या एका जुन्या हबचं नाव. त्यांच्या जाड टायरच्या जुन्या सायकलींना मागं बरेच गिअर होते, हँडलवर अंगठ्यानं बदलायची कळ होती आणि पुढंही नीट ब्रेक होता. मरिनची मुलं बघत राहिली. ते तिघं शर्यत खेळून परत गेले आणि या गोष्टीतून जवळपास नाहीसे झाले. पण त्यांनी दाखवलेली कल्पना राहिली. फिशरनं आपल्या श्विनला गिअर जोडले, ड्रम ब्रेक लावले, ब्रेकच्या मुठी मोटारसायकलीच्या घातल्या. सायकल आणखी जड झाली, पण आता तिच्यावर बसून चढता येऊ लागलं. ट्रकची गरज संपली आणि डोंगर सगळ्या बाजूंनी मोकळा झाला.

याच सुमारास, मरिनचा काही संबंध नसताना, कोलोरॅडोत क्रेस्टेड ब्यूट या जुन्या खाणगावात असंच काही शिजत होतं. अ‍ॅस्पेनहून काही मोटारसायकलवाले १२,७०० फुटांची पर्ल पास खिंड ओलांडून गावात आले आणि आपल्या पराक्रमाची बढाई मारून गेले. गावातल्या लोकांनी १९७६ च्या सप्टेंबरात आपल्या मोडक्या सायकली काढल्या, त्याच खिंडीतून उलटे अ‍ॅस्पेनला गेले आणि त्या बढाईला उत्तर दिलं. बरीचशी वाट त्यांनी सायकल ढकलतच काढली. १९७८ मध्ये ही सफर पुन्हा निघाली तेव्हा फिशर, केली, ब्रीझ, वेंडी क्रॅग ही मरिनची मंडळी तिला गेली. गिअरवाली सायकल काय करू शकते हे त्या चढावर कोलोरॅडोच्या लोकांनी पाहिलं.

दरम्यान जुन्या श्विन संपत चालल्या होत्या. चाळीस वर्षं जुनं लोखंड रीपॅकवर फार टिकत नसे. फ्रेम तुटायची, पुढचा चिमटा वाकायचा, रिम पिचायची. भंगारवाल्यांकडचा साठाही आटला. तेव्हा केलीनं ब्रीझला सांगितलं, मला नवी फ्रेम करून दे. ब्रीझनं क्रोमोली पोलादाच्या नळ्या आणल्या, श्विनच्या सांगाड्याचे कोन बऱ्याच अंशी तसेच ठेवले आणि १९७७ च्या शरदात पहिली ‘ब्रीझर’ उभी केली. जगभरातून वेचलेले नवे भाग तिला लागले: फ्रान्सच्या माफाक कंपनीचे ब्रेक, जपानच्या सनटूरचे गिअर, कॅलिफोर्नियाचे फिल वुड हब. त्या पहिल्या सायकलीवरून ब्रीझनं रीपॅकची शर्यतही जिंकली. नंतरच्या वर्षात अशा एकूण दहा सायकली झाल्या. पहिली आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. कच्च्या डोंगरवाटांसाठी पायापासून नवी घडवलेली सायकल म्हणून तिचा मान मोठा आहे, आणि तो तिला शोभतो.

धंद्याचा भाग थोडक्यात सांगतो. पालो अल्टोच्या टॉम रिची या तरुण कारागिरानं अशा नऊ फ्रेम केल्या, पण त्याच्या गावात गिऱ्हाईक मिळेना. त्यानं त्या फिशरकडे सोपवल्या. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी थोडे पैसे एकत्र करून ‘माउंटनबाइक्स’ नावाची कंपनी काढली. कंपनी पुढं फुटली, नावावर त्यांना हक्क सांगता आला नाही, आणि ते सगळ्या जगाचं झालं. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीच्या माइक सिनयार्डनं जपानात बनवून घेतलेली स्टम्पजंपर बाजारात आणली, ७५० डॉलरना. कारागिराच्या दारात वाट न पाहता दुकानातून उचलता येईल अशी माउंटन बाइक आता मिळू लागली. विशेष म्हणजे पोरांच्या त्या सायकलीचं सव्वीस इंची चाक पुढं जवळपास तीस वर्षं साऱ्या माउंटन बाइकचं माप राहिलं.

इथून वाटा फुटतात. रीपॅकच्या दिवसांत चढणारी आणि उतरणारी सायकल एकच होती, माणूसही एकच. शर्यती वाढल्या तशी चढाची पारख वेगळी झाली आणि उताराची वेगळी. चढ-उतार मिळून लांब फेऱ्या मारायच्या त्या क्रॉस-कंट्रीत वजन हा शत्रू झाला. सायकल हलकी, हँडल खाली, फुप्फुसांचा कस लागणार. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियाच्याच मॅमथ माउंटनवर कामिकाझे ही शर्यत सुरू झाली, ११,००० फुटांवरून स्कीच्या डोंगराच्या कच्च्या रस्त्यानं सरळ खाली. वर न्यायला पाळणे होते, म्हणजे चढायची गरजच उरली नाही. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या डुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली, तेव्हा क्रॉस-कंट्री आणि डाउनहिल यांना वेगवेगळी पदकं होती. पुरुषांत क्रॉस-कंट्री नेड ओव्हरेंडनं जिंकली, डाउनहिल ग्रेग हर्बोल्डनं. हर्बोल्डच्या सायकलीला मोटारसायकलीसारखा दबणारा पुढचा चिमटा होता, पॉल टर्नरच्या रॉकशॉक्सचा. त्या एका भागानं डाउनहिलचं रूप पालटलं. सुरुवातीला दोनेक इंच दबणारा चिमटा पुढं आठ इंचांपर्यंत गेला, मागच्या चाकालाही स्प्रिंग आली, चिमटा पुढं झुकला, सायकल लांबली. ती आता चढावर बसून नेण्याजोगी राहिली नाही. क्रॉस-कंट्रीला १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकमध्ये जागा मिळाली, डाउनहिलला ती अजून नाही.

एक वाट मात्र रीपॅकहून निघालेलीच नाही. कॅटलोनियात पेरे पी हे मोटारसायकल-ट्रायल्सचे खेळाडू होते. मोटारसायकल मोठ्यांची, म्हणून त्यांनी मुलांसाठी तशीच सायकल करवली. त्यांचा मुलगा ओट पी या खेळाचा पहिला मोठा तारा झाला. ट्रायल्समध्ये वेगाला किंमत नाही. खडकांवरून, ओंडक्यांवरून उड्या मारत जायचं आणि पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. लागला की दंड.

कॅनडातली गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण तिथं डोंगरानं थेट हात धरून नवा प्रकार शिकवला. व्हँकूवरच्या उत्तर किनाऱ्यावर फ्रॉम, सीमोर आणि सायप्रस या डोंगरांवर दाट, सदा ओलं जंगल आहे. मुळं, चिखल, आडवे पडलेले भलेमोठे देवदार. वाट काढणाऱ्यांनी दलदल ओलांडायला पडलेल्या झाडांच्या फळ्या चिरून साकव बांधले. मग साकव अरुंद होत गेले, उंच होत गेले, झोके घेऊ लागले. डॅन कावनसारख्या वाट बांधणाऱ्यांनी ती कला केली. चिखल टाळायला बांधलेली फळी स्वतःच खेळ झाली. त्याच प्रांतात कॅमलूप्सच्या कोरड्या, भुसभुशीत टेकड्यांवर वेड सिमन्स, ब्रेट टिपी आणि रिची श्ले हे तिघं, स्नोबोर्ड आणि स्कीवाले बर्फावर जशा रेषा काढतात तशा सायकलीनं काढू लागले. नव्वदच्या अखेरीस त्यांच्या चित्रफिती जगभर फिरल्या, आणि फ्रीराइड हा प्रकार रूढ झाला. यात घड्याळ नाही. कोणती रेषा निवडली आणि ती किती सफाईनं उतरली, एवढंच.

२००१ मध्ये युटा राज्यातल्या व्हर्जिन गावाजवळच्या लाल कड्यांवर रेड बुल रॅम्पेज सुरू झालं. पहिला विजेता सिमन्सच. इथं स्पर्धक आधी फावडी-कुदळी घेऊन स्वतःची वाट खोदतात आणि मग तिच्यावरून उतरतात, कड्यांवरून झेपा घेत. २०१५ मध्ये पॉल बासागोइटिया तिथं पडला आणि त्याच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर या स्पर्धेत मानवी देहाकडून किती मागायचं यावर उघड बोललं गेलं आणि पुढच्या वर्षीपासून स्वरूप बदललं. ही चर्चा उशिरा झाली असं माझं स्पष्ट मत आहे. बायकांना तर या कड्यांवर स्वतंत्र स्पर्धेसाठी २०२४ पर्यंत थांबावं लागलं. ती पहिली स्पर्धा न्यूझीलंडच्या रॉबिन गूम्सनं जिंकली.

चढ आणि उतार यांची ताटातूट मात्र कायमची नव्हती. फ्रान्समध्ये १९९५ पासून आल्प द्युएझला मेगाव्हॅलांश नावाची शर्यत होते. शेकडो सायकली ३,३०० मीटरवरच्या हिमनदीवरून एकदम सुटतात. फ्रान्स आणि इटलीतल्या अशाच लांब उतारांच्या परंपरेतून एंड्युरो हा प्रकार आकाराला आला. २०१३ मध्ये त्याची जागतिक मालिका सुरू झाली. चढ आपल्या पायांनी काढायचा, त्याचा वेळ मोजत नाहीत, उतारांचा मोजतात. आज दुकानात जी मधल्या मापाची सायकल नवख्याला दाखवतात, पाच-सहा इंच दबणारी, चढावरही न दमवणारी, ती याच विचारातून आलेली आहे.

नवख्यानं सुरुवात कुठून करावी, याचं उत्तर मला या इतिहासातच दिसतं. रीपॅकवाल्यांनी तो एकच उतार इतक्या वेळा केला की त्यातला प्रत्येक दगड त्यांच्या ओळखीचा झाला. एखादी सोपी वाट निवडावी आणि तीच पुन्हा पुन्हा करावी. उतारावर सीट खाली घ्यावी, उभं राहावं, दोन्ही पायडल जमिनीला समांतर ठेवावीत, कोपर आणि गुडघे सैल सोडावेत. ब्रेक वळणाच्या आधी लावावा, वळणात नव्हे. नजर पुढच्या चाकावर न ठेवता जिथं जायचं आहे तिथं ठेवावी. फळीवरून जाणं, उडी, कडा हे सगळं नंतर. आणि हेल्मेट पहिल्या दिवसापासून.

ज्या मरिनमध्ये हे सुरू झालं तिथंच सायकलींना विरोधही लवकर झाला. पायी फिरणारे आणि घोडेस्वार यांना वळणावर अचानक येणाऱ्या सायकलींची भीती वाटली, आणि ती खोटी नव्हती. ऐंशीच्या दशकात तिथल्या बहुतेक पायवाटा सायकलींना बंद झाल्या. फायर रोडवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली, आंधळ्या वळणांवर ५ मैलांची, आणि वनरक्षक रडार घेऊन उभे राहू लागले. १९८४ मध्ये अमेरिकेच्या वनखात्यानं संरक्षित रानांत सायकलींना पूर्ण बंदी केली. उत्तर म्हणून १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी मिळून आयएमबीए ही संघटना काढली, आणि वाट कशी बांधावी, पाण्यानं झिजू नये म्हणून उतार कसा ठेवावा, हे स्वयंसेवकांना शिकवायला सुरुवात केली. भांडण अजून मिटलेलं नाही. दोन्ही बाजूंचा डोंगरावर जीव आहे, म्हणूनच ते इतकं टिकलं.

या भांडणाच्या प्रदेशातच २००१ मध्ये बर्कलीच्या एका शिक्षकाच्या पुढाकारानं शाळकरी मुलामुलींची माउंटन बाइक लीग सुरू झाली. २००९ मध्ये तिच्यातून देशव्यापी संघटना निघाली. या लीगमध्ये वाटांची डागडुजी आणि चालणाऱ्यांना वाट देण्याची रीतही शिकवली जाते. इथं राखीव खेळाडू नसतात. नाव दिलेलं प्रत्येक मूल शर्यतीला उभं राहतं.